शब्दांवाचूनचा समाअ

हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या मजलिसींतील बोलणी अमीर हसन सिजझी यांनी 'फवाइदुल फुआद'मध्ये टिपून ठेवली. हे हसनसाहेब पुढे दख्खनमध्ये आले आणि वेरूळजवळच्या खुलताबादेत दफन आहेत, म्हणजे एका अर्थाने आपलेच. समाअ ऐकताना चार गोष्टी पाहाव्यात, असे त्या मजलिसींत आले आहे. गाणारा कोण, ऐकणारा कोण, ऐकवले जाते ते काय आणि वाद्ये कोणती. चौथ्या बाबतीत हजरतांचे मत कडक होते. चंग, रबाब यांसारखी वाद्ये मैफलीत नकोत. शब्द आत, वाद्ये बाहेर.

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका लहान सभागृहात मी जे ऐकले ते नेमके याच्या उलट होते. वाद्ये सगळी आत आणि शब्द तेवढा बाहेर. चार मुलांचा 'पोस्ट-रॉक'चा कार्यक्रम होता. ड्रम वाजवणारा माझा जुना विद्यार्थी. "सर, आप आइए, इशा से पहले खत्म हो जाएगा," एवढेच तो म्हणाला होता. त्याच्या घरी ड्रम ठेवायला जागा नाही आणि तो विषय काढायलाही जागा नाही. म्हणून मी गेलो. त्याच्या घरचे कोणी येणार नव्हते, हे मला ठाऊक होते.

पोस्ट-रॉक हा शब्द 1994 मध्ये सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने रूढ केला. गिटार, बास, ड्रम ही रॉकचीच वाद्ये, पण त्यांतून रॉकचे गाणे काढायचे नाही. ध्वनीचे थर रचायचे, वातावरण उभे करायचे. ग्लासगोचे मोगवाई, टेक्सासचे एक्स्प्लोजन्स इन द स्काय ही त्यातली मोठी नावे. आइसलँडच्या सिगुर रोस या समूहाने 2002 मध्ये एक अल्बम काढला. त्याला नाव नव्हते, आतल्या आठ रचनांनाही नव्हते, गाण्यातले बोल कुठल्याच भाषेतले नव्हते आणि सोबतच्या पुस्तिकेची पाने कोरी होती. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावे! आपल्याला हे विचित्र वाटायचे कारण नाही. तराणा आपण ऐकतोच. त्यातल्या बोलांना फारसी अर्थ आहे असे उस्ताद अमीर खाँ मानत, हा भाग वेगळा.

भारतात या प्रकारचे सर्वांत परिचित नाव म्हणजे 'अ‍ॅज वी कीप सर्चिंग'. त्यांच्या अल्बमांची नावे पाहा : 'ख्वाब' (2015), 'झिया' (2017), 'रूह' (2019). तिन्ही शब्द मी वर्गात फळ्यावर लिहितो. त्यामुळे आनंद होतो आणि थोडी चिडही येते. अत्तराचा फाया कानात ठेवावा तशी उर्दू सध्या सगळीकडे ठेवली जाते. सुगंध हवा, लिपी नको. आमच्या या मुलांनीही तेच केले होते. त्यांच्या तिसऱ्या रचनेचे नाव पोस्टरवर रोमन अक्षरांत 'सुकूत' असे होते. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने ते 'सुकून' असे वाचले आणि म्हणाली की आता आपल्या सर्वांना शांती मिळणार आहे. शेवटचे अक्षर ते आहे, नून नाही. सुकूत म्हणजे मौन, आणि मौनात सुकून असेलच असे नाही. मंचावरच्या चौघांपैकी कोणीही तिला दुरुस्त केले नाही. माझ्या विद्यार्थ्यानेसुद्धा नाही.

आता वादनाविषयी. पहिल्या रचनेत एका गिटारवर सहा सुरांची साखळी सुरू झाली आणि पेडलच्या करामतीने ती स्वतःच्याच प्रतिध्वनीवर रचली जाऊ लागली. हे ऐकायला फार सुंदर होते. बास उशिरा आला, ड्रम त्याहून उशिरा. मग हळूहळू सगळे चढत गेले आणि नवव्या-दहाव्या मिनिटाला एकदम स्फोट. सत्तर-ऐंशी खुर्च्यांच्या त्या खोलीत आवाजाची भिंत उभी राहिली आणि बास तिच्याखाली गाडला गेला. दुसरी रचनाही याच जिन्याने वर गेली. या साच्याबद्दल या संगीताचे चाहतेही जगभर कुरकुरतात, म्हणून केवळ आमच्या मुलांना दोष देत नाही.

पण माझा आक्षेप साच्याला नाही. कव्वालीतही चढ असतो, तकरार असते (मराठीतली तक्रार नव्हे, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणे). फरक असा की दर्ग्यात एखाद्याला हाल आला की कव्वाल त्याच ओळीवर थांबतो आणि तो सावरेपर्यंत पुढे जात नाही. कव्वालीतल्या चढाचे कारण ऐकणाऱ्यात असते. इथे ड्रमवाल्याच्या कानात यंत्राची टकटक होती आणि स्फोटाची जागा मोजून ठेवलेली होती. समोरचा माणूस तिथवर पोहोचला आहे की नाही, हे बघायला कोणाची मान वर झाली नाही. चार गोष्टींपैकी 'ऐकणारा कोण' हीच गोष्ट त्यांनी वगळली होती. वाद्यांपेक्षा मला हा दोष मोठा वाटतो.

'सुकूत'मध्ये मात्र वेगळेच घडले. तिसऱ्या मिनिटाला एका गिटारची केबल गेली. तो मुलगा खाली वाकून धडपडू लागला. माझ्या विद्यार्थ्याने कानातले यंत्र काढले आणि ड्रमच्या कडेवर काडीने अगदी हलका ठेका धरला. दुसऱ्या गिटारने तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजवले, प्रत्येक वेळी किंचित निराळ्या वजनाने. दोघे एकमेकांकडे पाहत होते, मग आमच्याकडे पाहू लागले. मागच्या रांगेतला मोबाइल बंद झाला. चार-पाच मिनिटे तरी हे चालले असेल. वाट पाहणे एवढाच त्या संगीताचा विषय होता आणि संध्याकाळचे खरे वादन तेवढेच झाले. केबल जोडली गेली, ठरलेला स्फोट झाला, टाळ्या पडल्या. मला तो स्फोट नको होता.

समाअ म्हणावा का याला? आलिमांकडून मी फतवा मागणार नाही. पण त्या चार-पाच मिनिटांत एका मुलाला मी सगळ्यांसमोर, मान वर करून काही सांगताना पाहिले. घरी तो हे सांगू शकत नाही, शाळेतही मी त्याला कधी तसे बोलताना ऐकले नव्हते. शब्द नसल्यामुळे त्याला ते जमले असेल तर त्या शब्दाभावाचा मी आदर करतो. मग पोस्टरवर उसना शब्द कशाला, हा प्रश्न तरीही उरतो.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला म्हटले, पुढच्या वेळी ते कानातले यंत्र घरीच ठेव. तो म्हणाला, "बाकी तीनों नहीं मानेंगे, सर." पोस्टर मात्र छापायच्या आधी मला दाखवायचे त्याने कबूल केले आहे.