लिलावाच्या यादीतला रिकामा रकाना

एप्रिल २०२५ मध्ये सोदबीजने लंडनमध्ये लिलावात काढलेली रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाखांना घेतली. पाते युरोपीय, त्यावर सोन्याची देवनागरी अक्षरे. ती नागपुरातून गेली कशी? १८१७ च्या सीताबर्डीनंतरची लूट की नजराणा, यावर तर्कच चालले. उलट, बोनहॅम्सने २०१५ मध्ये टिपूची चकमकीची बंदूक ७,२२,५०० पौंडांना विकली. तिथे १७९९ ची श्रीरंगपट्टणची लूट झाकलेली नव्हती, तीच मोल वाढवत होती. म्हणजे लिलावाच्या बाजारात लूट हा कलंक नव्हे, वंशावळ ठरते. या वाङ्मयप्रकाराचा खरा दोष हाच.

सेलूचा मुलूखही भोसल्यांचाच. इथल्या वाड्यातली शंभर वर्षांपूर्वीची ठासणीची बंदूक मालकाला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परदेशी विकायला नेता येत नाही. दुरुस्त करूनही चालणार नसेल, तरच १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट मिळते. कायदा वस्तू अडवतो. हकीकत अडवत नाही. ती कोणाची, कशाबद्दल मिळाली, हे घरातल्या जाणत्याकडून विक्रीआधीच लिहून घ्यावे. नाहीतर उद्या तिची बखर गिऱ्हाईकच लिहील.