विजयदुर्गची गोदी : दोन आक्षेप

देवगड तालुक्यांतील विजयदुर्ग आज मासेमारीचें लहानसें बंदर आहे. किल्ल्यापासून सुमारें एक कोसावर, वाघोटण खाडीच्या कांठीं, खडकांत कोरलेली जुनी गोदी आहे. लांबी सुमारें ३५५ फूट, रुंदी २२७ फूट, तोंड उत्तरेस. बराचसा भाग ढासळून गाळानें भरला आहे. तिचीं प्रचलित वर्णनें बहुधा या मापांशीं व ‘आंग्र्यांची गोदी’ या नांवाशीं येऊन थांबतात. त्यांवर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला नांवाविषयीं. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं किल्ला घेतला, तेव्हां तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें. त्याच सालच्या ऑक्टोबरांतील तहान्वयें किल्ला पेशव्यांकडे आला, तो १८१८ पर्यंत. इतकीं वर्षें पेशव्यांच्या आरमाराचें मुख्य ठाणें येथें होतें. आनंदराव धुळपांच्या गुराबा व गलबतें येथूनच निघत. तेव्हां नांवावरून फार तर मूळ खोदविणाराविषयीं तर्क करतां येईल. आज दिसणारें बांधकाम कोणत्या काळचें, हें त्यावरून ठरत नाहीं. मूळ खोदकाम, वाढ आणि डागडुजी हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत.

दुसरा आक्षेप मापाविषयीं. येथें चारपांचशें टनांचीं जहाजें होत, असें लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु आमच्याकडे गलबत खंडीच्या मापानें सांगत. टनाचा आंकडा कोणत्या कागदावरून व कोणत्या हिशेबानें काढला, हें लेखकानें दाखविलेंच पाहिजे.

दोहोंचा निर्णय सागवान, काथ्या, डांबर, खिळे, सुतार-लोहारांचीं वेतनें अशा हिशेबी कागदांनींच व्हावयाचा. सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड (१९३०-३४) बहुतांशीं राजकीय पत्रव्यवहाराचे आहेत. त्यांत दोष नाहीं; निवड करणें प्राप्तच होतें. पण आम्हां संग्राहकांस त्यावरून एक खोड जडली : पत्र ठेवावें, फर्द टाकावी. आम्हींहि ऐन उमेदींत एका वाड्यांतील रुमाल चाळतांना लढायांचीं पत्रें तेवढीं उतरून घेतलीं व लांकूड-खिळ्यांच्या फर्दी जशाच्या तशा परत बांधल्या. पुढें तो रुमाल रद्दींत गेला. गोदींतला गाळ केव्हांहि उपसतां येईल. त्या फर्दी मात्र आतां मिळावयाच्या नाहींत.

ज्यांच्या संग्रहीं विजयदुर्गाकडील आरमारी हिशेबाचा एखादा बंद असेल, त्यांनीं त्याची नक्कल, ती कितीहि त्रोटक असो, प्रसिद्धीस द्यावी, अशी आमची विनंति आहे.