घरचा आहेर कुठे छापायचा?

संवर्धन संस्थांवर टीका करणारे पेपर शास्त्रीय जर्नलने छापावेत का? बहुतेक जण ‘अर्थातच’ म्हणून मोकळे होतात. पण छापायचं म्हणजे नेमकं काय, ते एका केसवरून बघूया. संस्था मुंबईची, बीएनएचएस, स्थापना 1883. जागा मात्र राजस्थानातली, भरतपूर.

केवलादेव घना हे जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी तिथल्या पाणथळीत पूर्वापार चरायच्या. चराईमुळे पक्ष्यांचं नुकसान होतं, असं संवर्धकांचं ठाम मत. सलीम अलीही बंदीच्याच बाजूचे. नोव्हेंबर 1982 मध्ये चराई बंद झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. नंतर काय झालं? म्हशी खायच्या ते पॅस्पॅलम गवत मोकाट माजलं, उघडं पाणी आक्रसलं आणि पाणपक्ष्यांनाच त्याचा फटका बसला. हे दाखवलं कुणी, तर बीएनएचएसच्याच व्ही. एस. विजयन यांच्या टीमनं. त्यांचा अभ्यास 1980 मध्ये सुरू झाला होता, म्हणजे बंदीच्या आधी. (बेसलाइन, बेसलाइन म्हणून गाईड का ओरडतात, ते इथं कळतं.)

स्वतःच्याच भूमिकेविरुद्ध जाणारा निष्कर्ष संस्थेनं मांडला, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण गवताचं काय झालं हा एक प्रश्न, आणि पुरेसा डेटा हातात नसताना इतका ठाम सल्ला दिला कसा गेला, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न जर्नलमध्ये सविस्तर आला तो 2003 मध्ये, ‘कन्झर्व्हेशन अँड सोसायटी’च्या पहिल्याच अंकात. लिहिणारे मायकेल लुईस, पेशानं इतिहासकार. गोळीबाराला तेव्हा वीस वर्षं उलटून गेली होती! मला खटकतं ते हे. संस्था निर्णय कसे घेतात हासुद्धा अभ्यासाचा विषय आहे, आणि तो एकट्या इतिहासकारांवर सोडून चालणार नाही.

त्याच 2003 साली उल्हास कारंथ आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅनिमल कन्झर्व्हेशन’मध्ये ठशांवरून वाघ मोजण्याच्या सरकारी पद्धतीवर टीका केली. 2005 मध्ये सरिस्कात वाघच उरले नसल्याचं उघड झालं. ती टीका फक्त कॅन्टीनमध्ये झाली असती तर ती कुणाला तपासता आली नसती, खोडूनही काढता आली नसती.

आता आपल्याकडे या. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. चाकण-पिंपरी पट्ट्यात कारखान्यांची काय कमी? त्यातला काही पैसा टेकड्यांवरच्या रोपांमध्ये जातो. किती रोपं लावली, हा आकडा फोटोसकट मिळतो. पण तीन पावसाळ्यांनंतर जगली किती? आणि तिथं आधी चांगलं माळरान होतं का? हे विचारणारा अभ्यास म्हणजे संस्थेची बदनामी नव्हे.

यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. इथं जमिनीला सोन्याचा भाव; उद्या कुणीतरी तुमचा पेपर फडकवत ‘अभयारण्य कशाला हवं?’ म्हणेल. म्हणू शकेल, खरंय. भीमाशंकरच्या अभयारण्याचा काही भाग आपल्याच खेड तालुक्यात येतो, त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही. पण विजयन यांच्या अभ्यासातून उद्यान मोडा असं निघत नव्हतं, मर्यादित चराई येऊ द्या असं निघत होतं. आणि गप्प बसण्याची किंमत भरतपूरला गावकऱ्यांनी मोजली, संस्थेनं नाही.

म्हणून माझं मत: छापावं, पण कुठलीही सूट न देता. डेटा खुला हवा, रोख हेतूवर नको, निर्णयावर हवा, आणि संस्थेचं उत्तर शक्यतो त्याच अंकात यावं. एक व्यावहारिक गोष्ट. आपलं क्षेत्र लहान आहे, रिव्ह्यूअर त्याच संस्थेच्या सल्लागार मंडळावर असू शकतो. पेपर पाठवताना एडिटरच्या पत्रात हे स्पष्ट लिहा, आणि तुमची फेलोशिप कुणाच्या पैशातून येते तेही.