गोमंतकाचे परागंदा वाङ्मय: आपले अपुरे वाचन

गोमंतकाच्या मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत लिहिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. १९ डिसेंबर जवळ आला की लेख लिहिले जातात, हुतात्म्यांची नावे आदराने उच्चारली जातात, आणि १९६१ सालच्या सुमारे ३६ तासांच्या सैनिकी कारवाईचे वर्णन होते. हे सारे योग्यच आहे. तथापि हे लेखन सलग वाचीत गेल्यावर एक उणीव मनाला टोचू लागते. कारवाई ३६ तासांची. पण तिच्या आधीची १५ वर्षे कोणी, कोठे आणि कशासाठी काढली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वडगावात बसून वाचणाऱ्याला तो टाळता येत नाही. कारण त्या १५ वर्षांतील कितीतरी गोष्टी आपल्या अंगणात घडल्या आहेत.

१९४६ साली नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेची स्थापना झाली ती आपल्या लोंढ्याला. पुढे पोर्तुगीज पोलिसांचा ससेमिरा चुकवून घाट चढून आलेला कार्यकर्ता बेळगावास थांबे. येथून पत्रके निघत, निरोप जात, सत्याग्रहींच्या तुकड्यांची जुळवाजुळव होई. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांनी जे लिहिले आणि जे बोलून दाखविले, त्यालाच मी गोमंतकाचे परागंदा वाङ्मय म्हणतो. त्याचे वाचन आपण अपुरे केले आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

या वाङ्मयाचा मूळ विषय कोणता? पुष्कळांचे उत्तर ‘स्वातंत्र्य’ असे येईल. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावास सभेला उभे राहिले, तेव्हा त्यांची तातडीची मागणी नागरी हक्कांची होती: परवान्याशिवाय सभा भरविता यावी, लिहिता यावे, छापता यावे. असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस हे त्यांचे यजमान आणि सहकारी होते. सालाझारच्या राजवटीत साधी लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासनिसाच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. ज्यांच्या घरी कुलदेवतेच्या नावाने पत्रिकेचा आरंभ होतो, त्यांना या एका गोष्टीवरून त्या जाचाचे स्वरूप कळावे. देवाचे नाव घालून आप्तांना बोलवायचे, तेही सरकारची संमती घेऊन!

आता काही कृतींकडे वळू. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांची गोमंतकीयांच्या ‘विराष्ट्रीकरणा’वरील इंग्रजी पुस्तिका १९४४ साली निघाली. आकाराने ती लहान, परंतु निदान अचूक. परकी सत्ता जमिनीबरोबर मनही ताब्यात घेते आणि माणसाला स्वतःच्या भाषेची लाज वाटावयास लावते, हा तिचा मुख्य सिद्धांत. तिची शैली वकिलाची आहे; पुराव्यावर पुरावा येतो, भावनेला वाव थोडा. १९४६ साली कुन्हांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. तेथून सुटकेची वाट काढून ते १९५३ साली मुंबईस पोहोचले आणि १९५८ साली परागंदा अवस्थेतच निवर्तले. मराठी वाचकाला त्यांचे नाव ठाऊक असते. त्यांचा युक्तिवाद फार थोड्यांच्या परिचयाचा आहे.

याउलट मोहन रानडे यांचे ‘सतीचे वाण’ मराठी वाचकाने आपलेसे केले. सांगलीकडचा हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला आणि १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालने त्याला सोडले नाही. १९६९ च्या जानेवारीत लिस्बनजवळच्या तुरुंगातून तो बाहेर आला. ‘वाण’ या शब्दाने व्रताची, जाणूनबुजून पत्करलेल्या दाहाची कल्पना जागी होते आणि आपले मन तत्काळ नम्र होते. परंतु व्रत एकट्याने करावयाचे असते. त्यामुळे या पुस्तकाचा वाचक व्रतस्थाकडे पाहत राहतो आणि त्याच्या भोवतीचे हात त्याच्या नजरेतून सुटतात. गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली, हे आठवावे. मैफली गाजविणारा माणूस एका कैद्यासाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरतो, हीही त्या लढ्याचीच कथा आहे. दोष ग्रंथाचा नव्हे. आपण एकच कथा पुरेशी मानली, हा आपला दोष.

तिसरी कृती पुस्तकाच्या रूपात नाहीच. २५ नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गुप्त नभोवाणी चालविली. आंबोलीच्या रानात तिचा आरंभ झाला. पुढे कॅसलरॉक आणि बेळगावचा परिसर तिला आसरा देता झाला. ती कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून बोले. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्यू पावले होते आणि पुढे सरहद्दीवरची ये-जा बंद झाली होती. वाटा मिटल्या तेव्हा आवाज तेवढा पलीकडे जाऊ शकत होता. गोव्यात छापता न येणारी वार्ता सांगणे आणि सरकारी प्रचाराला दुसऱ्या दिवशी उत्तर देणे, हे तिचे नित्यकर्म. १९ डिसेंबर १९६१ रोजी लिबियाबाईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता सांगितली, हा प्रसंग सर्वांना आवडतो. त्याआधीची सहा वर्षे जंगलातील ओल, एकांत आणि रोजचे लेखन यांत गेली, याचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ साली, वयाच्या शंभरीत!

हे असे का व्हावे? मला दोन कारणे दिसतात. पहिले भाषेचे. हे वाङ्मय मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा चार भाषांत विखुरले आहे. त्यातले मराठी तेवढे आम्ही वाचले, आणि मराठीत तुरुंगकथेचे पारडे जड असल्याने लढा म्हणजे तुरुंग असे समीकरण बसले. ज्या नियतकालिकात मराठी आणि कोकणी एकाच पानावर नांदतात, त्याच्या वाचकाने तरी ते मोडावयास हवे. दुसरे कारण अभिरुचीचे. आम्हांस पराक्रम वाचावयास आवडतो. चिकाटी वाचावयास कंटाळा येतो. १९५५ साली म्हापशाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारून सुधाताई जोशी उघड्या डोळ्यांनी अटकेला सामोऱ्या गेल्या. त्यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांच्या मुखी आहे? आणि परागंदा माणसांना जेवू घालणाऱ्या, त्यांची पत्रके लपविणाऱ्या घरांची तर नावेही उरली नाहीत.

परागंदा होणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे असे नाही. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. रात्रीतून नदी ओलांडून मूर्ती नेणाऱ्यांची आठवण आपण चार शतके जतन केली. पण त्या मूर्तींना पलीकडच्या तीरावर ज्यांनी जागा दिली, त्यांचे पुण्य त्याच मापाने मोजले पाहिजे.

म्हणूनच आज ब्रह्मदेशाच्या परागंदांची वार्ता वाचताना ती मला परकी वाटत नाही. मंडाले म्हटले की मराठी मनाला टिळक आणि ‘गीतारहस्य’ आठवते; ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध होता आणि १९१६ साली तेथेच वारला. १९८८ चा उठाव चिरडला गेल्यावर देश सोडलेल्या ब्रह्मी कार्यकर्त्यांनी १९९२ साली नॉर्वेतील ऑस्लोहून नभोवाणी सुरू केली. १९९८ साली दिल्लीत ‘मिझ्झिमा’ ही वृत्तसंस्था काढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकाविली, तेव्हा हजारो माणसे मिझोरमात आली आणि तेथील साध्या गावकऱ्यांनी त्यांना घरात घेतले. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे त्यांचा आधार कायद्यापेक्षा शेजाऱ्याच्या दारावरच अधिक आहे. आंबोलीच्या रानातला ध्वनिक्षेपक आणि ऑस्लोचा ध्वनिक्षेपक यांत साहित्यदृष्ट्या मला भेद दिसत नाही. दोहोंची मागणी एकच: आमच्या माणसांशी आमच्या भाषेत बोलू द्या.

भाषेच्या हक्कासाठी १९५६ पासून झगडणाऱ्या या सीमाभागाला ती मागणी समजावयास कठीण जाऊ नये. मात्र आपला हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची सवय ठेवली पाहिजे; नाहीतर हक्काची भाषा केवळ गाऱ्हाण्याची भाषा होते. गोमंतकाचे परागंदा वाङ्मय आपण पुन्हा वाचावे ते याचसाठी. कुन्हांची पुस्तिका मराठीत सुगम व्हावी, नभोवाणीवरून बोलल्या गेलेल्या कोकणीचा मागोवा घेतला जावा, आणि आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे: त्या वर्षांत आपल्या ओसरीवर कोण उतरले होते? उत्तर देणारी माणसे आता थोडी उरली आहेत.