शनिवारचा आनंद, आठवड्याचा ताण

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. प्राणायाम, ध्यान व श्वसनाची तंत्रे, समस्या सोडवण्याची तंत्रे, नातेसंबंध हाताळण्याचे कौशल्य, आपत्ती व्यवस्थापन, रस्तासुरक्षा असे विषय त्यात आहेत. मुलांच्या मनावरचा ताण हा शाळेचाही विषय आहे, हे त्यामुळे मान्य झाले. याचे आम्ही स्वागत करतो. मात्र उपक्रमाची पारख विषयांच्या यादीवरून न करता वर्गात बसणाऱ्या मुलावरून करावी. यवतमाळ जिल्ह्यातील मूल डोळ्यांपुढे ठेवून आम्ही ती येथे करीत आहोत.

या मुलाची ओळख सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात होते. विदर्भातील एका गावात शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. आपल्या नवऱ्याच्या मनातही तसेच काही येईल, या धास्तीने अलका लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे राहायला सांगते. बापावर लक्ष ठेवणे हे पोराचे काम होऊन बसते. केंद्र सरकारने २००६ मध्ये शेतकऱ्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, तेव्हा निवडलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत यवतमाळ होता. येथील शिक्षकाला दिनू केवळ पडद्यावरचा वाटणार नाही.

आता शनिवारचा तास दिनूला काय देतो ते पाहू. धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात. उच्छ्वास सावकाश व लांब केला की व्हेगस या मज्जातंतूमार्फत ठोके मंदावतात. म्हणजे श्वसनाचा अभ्यास निरर्थक नाही. परीक्षेच्या आधीची धडधड त्याने कमी होऊ शकते. पण दिनूचा धोका पेपर संपला की संपणारा नाही. तो पेरणीला सुरू होतो, कापसाचे पैसे हाती येईपर्यंत टिकतो आणि कर्ज फिटले नाही तर पुढच्या वर्षात जातो. अशा ताणात मुलाचे लक्ष विखुरते आणि पाठ केलेले आठवत नाही. आपण त्याला ‘दुर्लक्ष करतो’ म्हणून उभे करतो. खरे तर त्याचे लक्ष अगदी जागे असते, फक्त ते घराकडे असते.

सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या प्रचलित मांडणीत पाच अंगे सांगितली जातात: स्वतःची जाण, स्वतःवर ताबा, इतरांची जाण, नाती आणि विचारपूर्वक निर्णय. श्वसन व ध्यान हा यातला ‘ताबा’ झाला. त्याआधीची पायरी जाणिवेची, म्हणजे जे वाटते त्याला नाव देण्याची आहे. ‘मला तणाव जाणवतो’ हे पुस्तकी वाक्य आमच्या मुलांचे नव्हे. ‘जीव घाबरते’, ‘करमत नाही’ हे त्यांचे शब्द आहेत. केळापूर, झरी जामणी भागात कोलामी वा गोंडी आणि तांड्यांवर बंजारा बोली बोलणाऱ्या मुलांचे शब्द आणखी वेगळे. ते वर्गात यायला हवेत.

पुरावाही सावधच करतो. ब्रिटनमधील ऐंशीहून अधिक शाळांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शिक्षकांनी सजगतेचे पाठ दिले. नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्यांचा अधिक लाभ दिसला नाही. आपल्याला अधिक जवळचा पुरावा बिहारचा आहे. नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत नववीच्या मुलांसाठी राबवलेल्या उपक्रमात पत्रपेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा आणि एकेकट्याशी बोलणे यांचा समावेश होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जेथे हे काम स्वतंत्रपणे नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकाने केले, तेथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्य व दांडगाई घटली. जेथे तेच काम शिक्षकावर सोपवले, तेथे असा परिणाम दिसला नाही.

याचा दोष आम्ही शिक्षकाला देत नाही. वर्ग, पोषण आहार, माहितीचे तक्ते, निवडणुकीचे काम हे सारे सांभाळणाऱ्या माणसाकडे एका मुलाचे ऐकून घ्यायला निवांत वेळ उरत नाही. शिवाय गुण देणाऱ्याजवळ मूल सहजासहजी मोकळे होत नाही. आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. मुलाने कोणते कौशल्य शिकावे, हे उपक्रमाची यादी सांगते. पण मुलाचे कोणी ऐकायचे, हा प्रश्न त्या यादीत सुटलेला नाही. निदान केंद्रातील शाळांसाठी मिळून एक फिरता समुपदेशक असावा, अशी मागणी शिक्षकांनी लावून धरायला हवी.

तोवर हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. वर्गात कुलूप असलेली एक पेटी ठेवता येईल. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलाला आधी जागेवर बसू द्यावे. कारण नंतर, एकटा असताना विचारावे. घरच्या कर्जाचा विषय सगळ्या वर्गासमोर काढू नये. मुलाच्या बोलण्यातून त्याच्या किंवा घरातल्या कोणाच्या जिवाला धोका वाटला, तर ते गुपित म्हणून ठेवू नये. त्याच दिवशी घरातील विश्वासू मोठ्या माणसाला आणि आरोग्य केंद्राला कळवावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक फळ्याशेजारी कायम लिहिलेले असावेत.

दिनूला दीर्घ श्वास जरूर शिकवावा. पण बापावर नजर ठेवण्याचे काम सहा-सात वर्षांच्या पोराचे नाही, ते मोठ्यांचे आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. आणि ते मोठ्यांनी खरोखर अंगावर घेतले आहे, हेही त्याला दिसायला हवे.