संघटकाने लिहिलेले शिवचरित्र

नेसरीच्या खिंडीतील स्मारकापाशी उभे राहिले असता कुसुमाग्रजांची कविता ज्याच्या ओठांवर येत नाही, असा मराठी मनुष्य विरळा. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामास आले. त्यांच्या शौर्याने आमचे बालपण भारून टाकिले होते. पण माणसे अशी जिवावर उदार होतात ती कशासाठी, हा प्रश्न आम्हांस पडला तो मात्र उतारवयात, गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे छोटेखानी पुस्तक वाचून.

एका भाषणातून सिद्ध झालेले हे पुस्तक १९८८ साली प्रसिद्ध झाले. कर्ता इतिहासाचा पंडित नव्हे. नगर जिल्ह्यातून शिक्षणासाठी कोल्हापुरास आलेल्या या माणसाने वर्तमानपत्रे विकली, नगरपालिकेत शिपाईगिरी केली, शाळेत मुले शिकविली, आणि मग वकिली पतकरून मोलकरणी, फेरीवाले अशा असंघटितांच्या संघटना बांधिल्या. आंतरजातीय विवाहांस त्यांनी पाठबळ दिले; कोल्हापूरच्या पथकराविरुद्धच्या लढ्यातही ते पुढे होते. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकास येथे टॉमस पेनची आठवण होणे साहजिक आहे. तोही मूळचा कारागीर, स्त्रियांच्या चोळ्या शिवणारा. पुढे जकातखात्यात असता त्याने १७७२ साली प्रथम लेखणी चालविली ती सहकाऱ्यांच्या वेतनवाढीसाठी, आणि चारच वर्षांनी राजसत्तेवर. पगाराचा हिशेब मागता मागता माणूस राज्याचा हिशेब मागू लागतो.

पानसऱ्यांची पद्धती तीच. ते शिवाजीस गिरणीच्या फाटकावरील सभेत उभे करितात म्हटले तरी चालेल. सारा किती, तो गोळा कोण करितो, वतनदाराच्या जुलमास आवर कोणी घातला, रयतेच्या लेकीबाळींवर हात टाकणाऱ्याचे काय झाले, असे रोकडे प्रश्न ते विचारतात. सैन्याने भाजीच्या देठासही हात लावू नये ही ताकीद आम्ही अलंकार म्हणून वाचीत आलो. येथे ती शेतकऱ्याच्या पोटाची गोष्ट होते. स्वधर्मनिष्ठ असूनही परधर्माचा द्वेष न करणारा राजा ते ठामपणे दाखवितात, आणि त्यात वकिली कसब असले तरी लबाडी नाही.

शीर्षकातील एकेरी उल्लेखावरून रागावणाऱ्यांविषयी एवढेच म्हणावेसे वाटते, की विठोबास आणि आईस अहोजाहो करणारा मराठी मनुष्य आम्ही अद्याप पाहिला नाही.

एक उणीव मात्र आम्हांस सलते. राज्य आपले वाटले म्हणून सामान्य माणसे त्यासाठी मरावयास सिद्ध झाली, हे पुस्तकाचे प्रतिपादन खरे. परंतु खानास सोडून दिल्याबद्दल राजाने ठपका ठेविला, तो प्रतापरावांच्या जिव्हारी लागला, आणि त्यांच्याबरोबर सहा जण गेले. धन्याच्या शब्दाने चाकर मरतो तेव्हा धन्याकडे किती दोष येतो? संघटनेच्या माणसाने हा प्रश्न सर्वांआधी विचारावयास हवा होता. पुढे १६८० साली महाराजांनी प्रतापरावांची कन्या राजारामास केली, म्हणजे त्यांच्या मनासही तो लागला असावा. पण उरलेल्या सहांच्या घरी काय झाले? येथे पानसऱ्यांची हिशेबी लेखणी मुकी राहते. प्रेम जडले की हिशेब सुटतो, तसेच काहीसे झाले असावे.

हे त्यांस प्रत्यक्ष विचारण्याची सोय आता राहिली नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात, पत्नीसह फिरून परतत असता, त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. आमच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘आणि ते सहा?’ हे शब्द तसेच आहेत.