'नायकन'चा शेवट : खून, भरपाई आणि माफी

मणिरत्नम यांचा 'नायकन' हा तमिळ चित्रपट १९८७ सालचा. वरदराजन मुदलियार यांच्या आयुष्यावरून सुचलेली ही कथा घडते मात्र मुंबईत, धारावीत. १९८८ साली फिरोज खान यांनी तिच्यावरून 'दयावान' काढला. त्यामुळे ती आपल्याला अपरिचित नाही. तिच्या शेवटाचा अर्थ मात्र 'करावे तसे भरावे' एवढाच लावला जातो. तो अपुरा आहे.

न्यायालय पुराव्याअभावी वेलूला सोडते. बाहेर लोक त्याच्या सुटकेचा आनंद करत असतानाच अजित केळकर त्याच्यावर गोळी झाडतो. हा अजित कोण? वेलूने ठार मारलेल्या इन्स्पेक्टरचा मतिमंद मुलगा. आणि त्या इन्स्पेक्टरचा गुन्हा कोणता? त्याने हुसेनभाईंचा कोठडीत जीव घेतला आणि ती आत्महत्या ठरवली.

हुसेनभाई म्हणजे तुतिकोरिनहून पळून आलेल्या पोरक्या वेलूला वाढवणारे धारावीतले मुसलमान गृहस्थ. त्या काळच्या पडद्यावर मुसलमान बहुधा नायकाचा जिवलग दोस्त असे. इथे तो बाप आहे. त्याच्या खुनाचा खटला कुठेच उभा राहत नाही. कायद्याने दार बंद केले, म्हणून वेलूने स्वतःच सूड घेतला. आपली सहानुभूती त्याच्याकडे जाते ती यामुळेच.

पण दिग्दर्शक तिथे थांबत नाही. केळकरची विधवा आणि मुलगा यांना वेलू पुढे आयुष्यभर पोसतो. ही जणू त्याची 'दियत'. आपल्या परंपरेत किसासची मागणी किंवा माफी हा मृताच्या वारसांचा हक्क आहे, आणि त्याचा निवाडा काझीसमोर व्हायचा असतो. खुन्याने परस्पर रक्कम ठरवून हिशेब मिटवायचा नसतो. वेलूने पैसा दिला, माया दिली. पण ज्याची संमती घेणे कुणाला सुचलेही नाही, असा एक वारस उरलाच होता. सगळ्यांनी ज्याला अजाण समजून वगळले, तोच शेवटी आपला हक्क वसूल करतो.

मात्र अजितची गोळी हाही इन्साफ नव्हे. वेलूने केले तेच तो करतो. शेवटाकडे नातू आजोबांना विचारतो, तुम्ही चांगले की वाईट? चार लोकांचे भले होत असेल तर काहीच गैर नाही, असे आयुष्यभर मानणाऱ्या वेलूला उत्तर सापडत नाही. पडद्यावरचा न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतो. तो स्वतः मात्र स्वतःला तसे ठरवू शकत नाही.

कोठडीतल्या एका मृत्यूची दाद वेळीच लागली असती, तर पुढचे दोन्ही खून टळले असते. 'नायकन'चा शेवट मला तिथे सापडतो.